मळणीयंत्र जुने असू द्या, हात शाबूत राहू द्या

मराठवाड्यात सोयाबीनची सुगी आली की दोन एकरवाल्याला ट्रॅक्टरवर चालणारे जुने मळणीयंत्रच परवडते. छोट्या तुकड्यात मोठे हार्वेस्टर नीट वळतही नाही. यंत्र जुने आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती उघड्या पट्ट्याची आणि आखूड तोंडाची. ओढणी पट्ट्यात सापडते, काड सारणारा हात तोंडात. १९८३चा धोकादायक यंत्रांचा कायदा मळणीयंत्रालाही लागू आहे. काड सारायचा पत्रा किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातला अर्धा झाकलेला असावा, असे भारतीय मानक सांगते. हे काम गावातला वेल्डरही करील. या मजुरांची मुले माझ्या वर्गात बसतात. म्हणून सांगतो, यंदा भाडे ठरवण्याआधी मालकाला विचारा : पत्रा लांब केला का? पट्टा झाकला का?