सैनिकी शाळेचा मोह

गणेशोत्सव आटोपला की पेणमधील मूर्तींच्या कारखान्यांतली गडबड ओसरते, आणि दिवाळीच्या सुमारास पेण-रोह्याच्या मध्यमवर्गीय घरांत एका वेगळ्याच चर्चेला तोंड फुटते. मुलगा आठवीत आहे. अभ्यासात बरा, पण हाताबाहेर चाललेला. मोबाइल हातून सुटत नाही, सकाळी उठवत नाही, बोलले की उलट उत्तर तयार. वडील धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर, नाहीतर पंचायत समितीत कारकून, नाहीतर प्राथमिक शिक्षक. अशा वेळी कोणीतरी सुचवितो, 'मिलिटरी शाळेत घाला. वर्षभरात सुतासारखा सरळ होईल.' आणि प्रवेश परीक्षेचे अर्ज भरण्याची लगबग सुरू होते.

या सल्ल्यामागील हेतू वाईट नाही. पण त्यात एक मूलभूत गैरसमज आहे. सैनिक शाळा म्हणजे सुधारगृह नव्हे. तत्कालीन संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांनी या शाळांची कल्पना पुढे आणली आणि २३ जून १९६१ रोजी, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, साताऱ्यात देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली, तेव्हा कोणाच्याही डोळ्यांपुढे उनाड मुले नव्हती. सैन्याच्या अधिकारीवर्गात काही प्रांतांचा आणि काही सुखवस्तू थरांचा वरचष्मा होता. तो कमी व्हावा, सामान्य घरातील मुलांना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा मार्ग मोकळा व्हावा, हा हेतू होता. त्या अर्थाने रोह्याच्या कारकुनाचा मुलगा हाच या योजनेचा खरा हक्कदार ठरतो. मात्र त्याने तेथे जायचे ते अधिकारी होण्याची ओढ असल्यामुळे. घरच्यांची डोकेदुखी कमी व्हावी म्हणून नव्हे.

पालकांचा दुसरा घोटाळा होतो तो एका वेलांटीमुळे. 'सैनिक शाळा' आणि 'सैनिकी शाळा' ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः सैनिक शाळा या संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील सोसायटीच्या. महाराष्ट्रात त्या साताऱ्यात आणि २०१९ पासून चंद्रपुरात. सैनिकी शाळा या १९९५ मध्ये राज्य सरकारने स्वीकारलेल्या, जिल्हावार शाळांच्या धोरणातून निघालेल्या. त्या खासगी संस्था चालवितात आणि राज्य मंडळाचा अभ्यासक्रम शिकवितात. याखेरीज बेळगावसारख्या ठिकाणची राष्ट्रीय मिलिटरी स्कूल्स आहेत, आठवीत मोजक्याच मुलांना घेणारे डेहराडूनचे १९२२ चे महाविद्यालय आहे, आणि डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला काढलेल्या भोंसला मिलिटरी स्कूलसारख्या खासगी संस्थाही आहेत. भरीला २०२१ मध्ये केंद्र सरकारने खासगी संस्थांच्या भागीदारीत शंभर नव्या सैनिक शाळांना मंजुरी दिली. गणवेश सर्वांचा सारखाच रुबाबदार असतो आणि बँडही सर्वत्र वाजतो. पण गणिताचे शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावरचे, वसतिगृहात रात्री जबाबदार माणूस कोण असतो, गेल्या पाच वर्षांत प्रबोधिनीत किती मुले गेली, हे प्रश्न प्रवेशाच्या दिवशी क्वचितच कोणी विचारतो. लग्नात आहेराच्या साडीचा पोतही याहून अधिक बारकाईने पाहिला जातो.

कोकणाला सैन्य आणि शाळा यांचे नाते नवे नाही, हे येथे आठवणे योग्य ठरेल. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात कोकणातील महार सैनिक मोठ्या संख्येने होते. गावच्या शाळेत ज्यांना पायरीवरही उभे केले जात नव्हते, त्यांच्या मुलांना पलटणीच्या शाळेत अक्षरओळख मिळाली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे या पलटणीतून बाहेर पडलेले निवृत्त सैनिक. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेतच शिक्षक होते. १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची भरती सरकारने बंद केली, तेव्हा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. भाकरीबरोबर शिक्षणाची वाटही बंद होत आहे, हे त्या पिढीने पुरते ओळखले होते. लष्कराने या भूमीला जे दिले त्यात कवायतीइतकाच, किंबहुना अधिक, वाटा पाटी-पेन्सिलीचा होता. आजच्या पालकाला मात्र सैनिकी शाळेत कवायतच तेवढी दिसते.

आता प्रवेशाचे वास्तव पाहू जाता, सहावीचा दरवाजा दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला उरतो तो नववीचा, आणि तेथील जागा सहावीच्या मानाने पुष्कळच थोड्या. नववीची परीक्षा चारशे गुणांची. त्यांपैकी दोनशे एकट्या गणिताचे. सहावीच्या उमेदवाराला मराठीतून परीक्षा देता येते. नववीची प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत असते. पेण किंवा रोह्याच्या मराठी शाळेत आठवीपर्यंत उत्तम गणित शिकलेला मुलगा येथे अडतो तो गणितात नव्हे, गणिताच्या भाषेत. सामान्यांसाठी काढलेल्या योजनेने सामान्यांच्याच मुलांपुढे ही भिंत उभी करावी, हे न्याय्य नाही. पुढील शिक्षण इंग्रजीतून असल्याने मुलाला ती भाषा आलीच पाहिजे, हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण इंग्रजीच्या पन्नास गुणांचा स्वतंत्र विभाग त्याच परीक्षेत असताना गणित आणि बुद्धिमापनही त्याच भाषेतून तपासण्याचे प्रयोजन काय? अनुसूचित जमातींसाठी या शाळांत साडेसात टक्के जागा राखीव आहेत. पेण-रोह्याच्या डोंगरवाड्यांतील ठाकूर-कातकरी मुलांपर्यंत हा आकडा पोहोचविण्याचे काम जिल्ह्यातील शिक्षण खात्याने अंगावर घ्यावयास हवे.

खर्चाचा विचारही भावनेच्या भरात होऊ नये. सैनिक शाळेचे वार्षिक शुल्क लाखाच्या वर जाते. उत्पन्नानुसार शिष्यवृत्त्या आहेत, तरी पगारदार घराला हा भार जाणवतोच. त्यातून हमी कशाची मिळते? प्रबोधिनीची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते, प्रत्येक वेळी जागा सुमारे चारशे आणि उमेदवार लाखांनी. लेखीनंतर निवड मंडळाच्या चाचण्या पाच दिवस चालतात आणि मग वैद्यकीय तपासणी. रंगांधत्व किंवा सपाट तळपाय यांसारखे दोष तेथे आडवे येतात. म्हणून दोन-तीन लाख खर्चण्यापूर्वी एखाद्या चांगल्या डॉक्टरकडून मुलाची तपासणी करून घेणे हा साधा व्यवहार आहे. शिपाई म्हणून होणारी भरती ही तर निराळीच गोष्ट. २०२२ पासून ती चार वर्षांची झाली आहे आणि पुढे कायम होणाऱ्यांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांपर्यंतच आहे.

शिवाय प्रबोधिनीचा रस्ता केवळ सैनिक शाळेतूनच जातो असेही नाही. गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पेणच्या किंवा रोह्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावी झालेला मुलगाही त्याच परीक्षेला बसतो. १९७७ मध्ये राज्य सरकारने तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, काढलेली संस्था दहावीनंतरच्या निवडक मुलांची दोन वर्षे याच परीक्षेसाठी तयारी करून घेते. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला निघाली. मुलींचा विचार अजून अनेक घरांत होत नाही, हे नमूद करावे लागते. २०२२ मध्ये प्रबोधिनीत दाखल झालेली मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये शिक्षण पुरे करून बाहेर पडली, तरीही. पंधराव्या वर्षी घर सोडण्याऐवजी सतराव्या वर्षी तयारीनिशी परीक्षेला बसणे अनेकांना अधिक लाभदायक ठरेल.

आणि शिस्तीचेच म्हणाल, तर पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांना किंवा रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांना ती कोणत्या बिगुलाने लावली होती? अर्थात प्रत्येक मुलगा विनोबा नसतो, हे खरेच. काही मुलांना वसतिगृहाचे आखीव जीवन मानवते; पहाटेची धाव, सामूहिक अभ्यास, मैदानावरची चढाओढ यांत ती फुलतात, आणि त्यांना रोखून धरणे हाही अन्यायच. पण हे ठरवायचे कसे? सातारा काही दूर नाही. एखाद्या सुट्टीत मुलाला सोबत नेऊन शाळा पाहावी, तेथील एखाद्या मराठी मुलाशी त्याला बोलू द्यावे, आणि परतीच्या एस. टी. प्रवासात वडिलांनी स्वतः कमी बोलावे. पोलादपूर येईपर्यंत मुलगा आपणहून बोलू लागला, तर अर्ज भरावयास हरकत नाही. तो खिडकीबाहेर पाहत गप्पच राहिला, तर त्या वर्षीचे शुल्क बँकेत असू द्यावे आणि मोबाइलचा प्रश्न घरातच, वडिलांच्या स्वतःच्या मोबाइलपासून, हाती घ्यावा.