विद्या रुग्णशय्येपाशी
पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा 200 बहुपर्यायी प्रश्नांची असते. तिथे योग्य उत्तर चार पर्यायांत आधीच लिहिलेले असते. रुग्ण मात्र पर्याय घेऊन येत नाही. 'ताप उतरत नाही', एवढेच तो सांगतो. त्याची हकिगत ऐकणे, त्याला तपासणे, निदानाचा तर्क मांडणे आणि तो चुकल्यास का चुकला याची वरिष्ठांसमोर चिकित्सा करणे, यातूनच तज्ज्ञ घडतो. एम.डी., एम.एस.च्या विद्यार्थ्यांना जिल्हा रुग्णालयांत तीन महिन्यांचे प्रशिक्षण 2020 च्या नियमांनी अनिवार्य केले, हे स्वागतार्हच होय. परंतु रुग्णशय्येपाशी शिकविणारा वरिष्ठ तेथे नसेल, तर विद्यार्थी केवळ रिक्त पदांची उणीव भरून काढील. त्या अपुऱ्या शिक्षणाची झळ अखेर रुग्णालाच बसेल.