कॅमेरा, सुरक्षितता आणि आपण

सुट्ट्या लागल्या की आपल्या सुरतेतील मराठी घरांची पावले स्टेशनाकडे वळतात. कुणी मुंबई-पुण्याची गाडी धरतो, तर कुणी ताप्ती लाइनने नंदुरबार, अमळनेर, जळगाव गाठतो. हल्ली घरटी दोन-तीन मोबाईल आणि प्रत्येकात कॅमेरा, त्यामुळे येणाऱ्या गाडीचे किंवा निरोप द्यायला आलेल्या आजी-आजोबांचे फोटो मुले काढणारच. अशा वेळी एखादा गणवेशधारी ओरडतो, "ए, फोटो बंद कर!" कोणत्या नियमाने, हे विचारायची सोय नसते. मूल घाबरते, पालक ओशाळतात आणि विषय तिथेच संपतो. आमच्या मते तो तिथे संपू नये.

सुरक्षिततेचे मोल सुरतकरांना नव्याने सांगायला नको. ११ जुलै २००६ रोजी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांमध्ये अवघ्या ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद हादरले आणि पुढच्या काही दिवसांत आपल्या शहरात, मुख्यतः वराछा भागात, २५ हून अधिक बॉम्ब सापडले. सुदैवाने एकही फुटला नाही. तेव्हा तपासणी नको, पोलीस नकोत, असे म्हणणारे आम्ही नव्हे. सामान तपासायला हवे, बेवारस पिशवीची खबर द्यायलाच हवी. प्रश्न एवढाच आहे की, कॅमेऱ्यावर सरसकट बंदी घातल्याने प्रवासी अधिक सुरक्षित होतात का?

याचे उत्तर मुंबईच्या एकाच स्टेशनात सापडते. डेव्हिड हेडली हा २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याआधी मुंबईत अनेकदा येऊन गेला. त्याने ताज, ओबेरॉय यांच्याबरोबर छत्रपती शिवाजी टर्मिनसचेही चित्रीकरण केले होते. बंदीच्या बाजूने यापेक्षा बळकट पुरावा नाही, आणि तो आम्ही नाकारत नाही. पण हेडली परदेशी व्यावसायिक म्हणून, रीतसर व्हिसा घेऊन उजळ माथ्याने वावरत होता. 'फोटो काढू नका' अशी पाटी पाहून तो परत फिरला असता, असे कोण म्हणेल?

आता दुसरा कॅमेरा पाहा. त्याच स्टेशनात, हल्ल्याच्या रात्री, समोरच्या कार्यालयातून 'मुंबई मिरर'चे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसोझा धावत आले. रिकाम्या डब्याचा आडोसा घेऊन त्यांनी हल्लेखोराची छायाचित्रे टिपली. कसाबविरुद्धच्या खटल्यात ती महत्त्वाचा पुरावा ठरली आणि २००९ मध्ये डिसोझा यांनी न्यायालयात साक्षही दिली. एका कॅमेऱ्याने कटाला हातभार लावला, दुसऱ्याने गुन्हेगाराला शिक्षेपर्यंत नेले. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, तो धरणाऱ्या हाताचा होता. म्हणून लक्ष ठेवायचे ते माणसाच्या वागण्यावर.

इतर देशांनीही हा धडा घेतला आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत छायाचित्रणाला बंदी घालण्याचा प्रस्ताव २००४ मध्ये आला. लोकांनी विरोध केला आणि २००५ मध्ये तो मागे घेतला गेला. ग्रीसमध्ये नोव्हेंबर २००१ मध्ये विमाने पाहण्याचा छंद असलेल्या १२ ब्रिटिश व २ डच नागरिकांना हेर समजून पकडले. वर्षभराने ते अपिलात निर्दोष सुटले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच!

आपल्याकडे १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात 'निषिद्ध स्थान' ही संकल्पना आहे. केंद्र सरकार एखादा रेल्वेमार्गही अधिसूचना काढून निषिद्ध ठरवू शकते. म्हणजे मनाई करायची तर ती लेखी व जाहीर हवी, हे कायद्यालाही मान्य आहे. चित्रपटाच्या किंवा व्यावसायिक चित्रीकरणासाठी रेल्वेची परवानगी लागते, तेही योग्यच. आणखी एक गोष्ट पाहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण करण्याची जबाबदारी पोलिसांवरच टाकली आहे. कॅमेरा हा न्यायाचा साक्षीदार आहे, हे कायद्यानेच ओळखले म्हणायचे.

विद्यार्थी मित्रांनो, याचा अर्थ वाटेल तिथे मोबाईल उगारावा असा मात्र नव्हे. अनोळखी प्रवाशाचा, विशेषतः स्त्रियांचा व झोपलेल्या माणसांचा फोटो काढणे असभ्यपणाचे आहे. लष्करी सामान वा जवान नेणारी गाडी दिसली तर कॅमेरा खिशातच ठेवा. आणि सेल्फीसाठी रुळांवर उतरणे किंवा डब्याच्या टपावर चढणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण! वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. रुळांवर अनधिकृतपणे जाणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा असून त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. असे नियम जीव वाचवण्यासाठी आहेत. ते कुणी न सांगताही पाळावेत.

रेल्वेला, शहर बससेवेला आणि २०२१ मध्ये पायाभरणी झालेल्या सुरत मेट्रोलाही आमची विनंती आहे. कुठे फोटो चालेल, कुठे नाही आणि का, हे गुजराती, हिंदी व इंग्रजीत पाटीवर लिहा. जमल्यास मराठीतही लिहा. मनाई करणाऱ्याने ती पाटी दाखवावी. शंका असल्यास प्रवाशाला स्टेशन मास्तरांकडे न्यावे. मुलाच्या हातून मोबाईल हिसकावू नये आणि धाक दाखवून चित्रे पुसायला लावू नये. विश्वस्त मंडळालाही सुचवावेसे वाटते की, सहलीपूर्वी स्टेशन अधिकाऱ्यांना शाळेचे पत्र द्यावे आणि मुलांना हे नियम वर्गात समजावून सांगावेत.

पालकांनो, बेवारस वस्तू दिसली तर १३९ वर कळवायला मुलांना जरूर शिकवा. त्याचबरोबर, कुणी अडवले तर न घाबरता, न उद्धटपणे, "साहेब, नियम कुठे लिहिला आहे?" असे विचारायलाही शिकवा. पोलिसाला पाहून पळणारे मूल संशयास्पद पिशवीची खबर कुणाला देणार? गणवेशाची भीती कमी झाली, तरच शेकडो लहान डोळे सुरक्षिततेच्या कामी येतील.