मोडीतले फोटो

आमच्या नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेलो की मुले कागदांवर वाकतात, भाषा मराठीच आहे हे ऐकून चकित होतात आणि एक ओळही लागत नाही म्हणून ओशाळतात. मोडी झरझर लिहायला सोयीची. पण वाचायला जाणकार हवा. छापखान्यांनी बाळबोध उचलली आणि मोडी दप्तरांत राहिली.

हे पुराण सांगायचे कारण, वाचकहो, हल्ली घरोघरचे फोटोही मोडीत लिहिले जाऊ लागले आहेत!

श्रीरामपूरच्या आमच्या आत्याबाईंचे यजमान गेल्या वर्षी वारले. त्यांचा हसरा असा एकच फोटो, तोही नातवाने आयफोनवर काढलेला. वर्षश्राद्धापूर्वी तो मोठा करून चौकटीत बसवायचा होता. दुकानातल्या जुन्या संगणकावर तो उघडेना. "आजी, फाईल खराब झालीय," दुकानातला मुलगा म्हणाला. आत्याबाईंचा चेहरा पाहवेना. "अरे, सकाळीच तर मी फोनवर पाहिलं त्यांना!"

फाईल खराब नव्हतीच. 2017 पासून आयफोन आपले फोटो 'एचईआयसी' नावाच्या पद्धतीने साठवतो. तीच गुणवत्ता सुमारे निम्म्या जागेत मावते, हा तिचा मोठा गुण. परंतु 1992 साली प्रमाणित झालेली 'जेपेग' ही फोटोंची बाळबोध. दुकानदाराचा संगणक, नोकरीच्या अर्जाचे संकेतस्थळ, शेजारच्यांचा दहा वर्षांपूर्वीचा फोन, सगळ्यांना ती वाचता येते.

दुकानातल्या मुलाने मग फाईलचे शेपूट बदलून 'जेपीजी' असे लिहिले. मोडी कागदावर 'बाळबोध' अशी चिठ्ठी डकवण्यातलाच हा प्रकार! आतला मजकूर होता तसाच राहिला. ज्या प्रोग्रामला एचईआयसी कळते त्यात फोटो उघडून तो जेपेग म्हणून नव्याने साठवावा लागतो. नातवाने घरच्या मॅकवर, 'प्रिव्ह्यू'मधून 'एक्स्पोर्ट' करून, ते मिनिटभरात केले. फुकट रूपांतर करून देणारी संकेतस्थळेही पुष्कळ आहेत. पण आपले घरचे फोटो, आणि फोटोत दडलेला घरचा ठावठिकाणाही, परक्याच्या हाती कशाला द्या?

काम झाल्यावर चिरंजीव म्हणाले, "काका, आता मूळ फाईल पुसून टाकतो. जागा तरी मोकळी होईल."

"थांब रे बाबा!" मी जवळजवळ ओरडलोच. बाळबोध नक्कल हाती आली म्हणून मूळ मोडी कागद कोणी बंबात घालतो काय? जेपेग प्रत्येक मूळ रंगाच्या 256 छटाच ठेवते; एचईआयसीत त्याहून अधिक मावू शकतात. शिवाय जेपेग फोटोत फेरफार करून तो पुन्हा पुन्हा साठवला की दर वेळी थोडा तपशील झिजतो. मूळ फाईल असली म्हणजे हवी तेव्हा नवी, कोरी नक्कल काढता येते. दोन ठिकाणी जपून ठेवायची ती मूळच.

पुढचे फोटो थेट जेपेगमध्येच हवे असतील तर फोनच्या सेटिंग्जमध्ये 'कॅमेरा', त्यात 'फॉरमॅट्स' आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडावे. जागा अधिक लागेल. जुने फोटो मात्र त्याने बदलत नाहीत; त्यांतले हवे ते निवडून रूपांतरित करावे लागतात, आणि त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या एखाद्या नातवाला चकलीच्या डब्यासह धरून बसवावे लागते.