औषधाची चिठ्ठी कोणाच्या भाषेत?



फवारणीच्या औषधाची बाटली हातात घेऊन पाहा. तिच्यावर चौकोनी खूण असते आणि त्या खुणेत लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत जहाल, हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत ही खूण ठरवून दिलेली आहे. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही तिच्यावरून धोका कळतो. विषाची बाटली आपल्याला समजेल असे बोलते. मग जीव वाचवणाऱ्या औषधाची चिठ्ठी का बोलत नाही?

आमच्या शेजारचे एक काका मोहरीची कापणी उरकून गुडघेदुखीसाठी दवाखान्यात गेले. चिठ्ठीवर वेदनाशामक गोळीचे नाव होते आणि पुढे तीन अक्षरे होती : एस.ओ.एस. त्याचा अर्थ, गरज पडली तरच. काकांनी तीन अक्षरांवरून दिवसातून तीन वेळा असा अर्थ काढला. पंधरा दिवस, कधी उपाशीपोटीही, गोळ्या चालू होत्या. शेवटी शौचाला काळे होऊ लागले. पोटात रक्तस्राव झाला होता. काका थोडक्यात वाचले. यात त्यांचा दोष आहे असे मला वाटत नाही.

ही अक्षरे आहेत तरी कसली? बहुतेक लॅटिन शब्दांची आद्याक्षरे. बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, एच.एस. म्हणजे झोपताना, ए.सी. म्हणजे जेवणापूर्वी, पी.सी. म्हणजे जेवणानंतर. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर तीच अक्षरे उजव्या डोळ्यासाठी असतात!

लॅटिन आपल्याला परकी नाही. आपल्या वाडवडिलांनी मिस्सा लॅटिनमध्येच ऐकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला वाट करून दिली, कारण उपासनेत लोकांना समजून भाग घेता यावा. वेदीवर जे झाले ते औषधाच्या चिठ्ठीवर होऊ नये काय?

कोणी म्हणेल, ही अक्षरे जाणकारांसाठी असतात. पण जाणकारही चुकतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली काही संक्षेप वापरूच नयेत अशी यादी काढली. युनिटऐवजी नुसते रोमन ‘यू’ लिहिले तर ते शून्यासारखे दिसते आणि चार युनिट इन्सुलिनचे चाळीस होतात. आपल्याकडेही वैद्यक परिषदेने २०१६ साली औषधाचे नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे असा नियम केला. पण औषधाचे नाव वाचता आले, तरी ते केव्हा घ्यायचे हे रोग्याला कळायलाच हवे.

आपल्या ग्वाल्हेरात १९४६ पासून गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. मध्य प्रदेश सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीत आणली. विद्यार्थ्यांना त्यांच्या भाषेत शिकवायचे, तर रोग्याला त्याच्या भाषेत सांगणे अवघड नाही. आपल्या घरची जी मुले-मुली नर्सिंग, फार्मसी किंवा डॉक्टरकी शिकत आहेत, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे : हे संक्षेप पक्के पाठ करा, रुग्णालयाच्या कामात त्यांच्यावाचून चालणार नाही. पण जो कागद रोग्याच्या हातात जातो, त्यावर ‘सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर’ असे सरळ लिहा. त्याला एक मिनिट लागते.

आणि आपणही गप्प बसू नये. डी.ए.पी. आणि एन.पी.के.चा अर्थ आपण दुकानदाराला विचारून विचारूनच शिकलो. तसेच डॉक्टर किंवा औषधवाल्याला चार प्रश्न विचारावेत : किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर, आणि किती दिवस? उत्तर मिळाले की ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावे. अक्षर येत नसेल तर पाकिटावर सूर्य-चंद्र काढून घ्यावेत.

खताची मात्रा विचारताना आपल्याला लाज वाटत नाही. औषधाची विचारतानाही वाटू नये.