एक काय ते धर!

मित्रहो, ब्रँच मिळाली की कपाळावर शिक्का बसतो. हा मेकॅनिकल, ती कॉम्प्युटर! मग मेकॅनिकलवाल्याने कथा लिहिली की रूममेट विचारतो, "सबमिशन झालं का रे?" आणि एखादे सर प्रेमानेच सांगतात, "एक काय ते धर बाबा." हा सल्ला मला अर्धाच पटतो. उरलेला अर्धा अरुण साधूंच्या पुस्तकांत सापडतो.

साधू (१९४१-२०१७) मूळचे परतवाड्याचे. बरीच पत्रकारिता इंग्रजी वृत्तपत्रांत केली, कादंबऱ्या मात्र मराठीत. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या त्यांच्या राजकीय कादंबऱ्या. दोन्ही मिळून जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये 'सिंहासन' चित्रपट केला. त्यातला निळू फुल्यांचा पत्रकार दिगू अनेकांनी पाहिला असेल. पण साधू तिथे थांबले नाहीत. क्यूबावर 'फिडेल, चे आणि क्रांती', चीनवर 'आणि ड्रॅगन जागा झाला', बूटपॉलिश करणाऱ्या पोरांवर 'झिपऱ्या', आणि आपल्या मंडळींना आवडेल अशी 'विप्लवा' ही विज्ञान कादंबरी! शिवाय पुणे विद्यापीठात पत्रकारिताही शिकवली.

कोणी म्हणेल, ही तर धरसोड. मला तसं वाटत नाही. मंत्रालय असो, हवाना असो की रेल्वेचा फलाट, साधूंचा प्रश्न मला एकच दिसतो: सत्ता कोणाच्या हातात आहे, ती चालते कशी आणि तिच्याखाली दबतो कोण? क्रांती खरी घडलेली, म्हणून तिथे इतिहास आणि चरित्र. खुर्चीखालचे डाव कागदोपत्री सापडत नाहीत, म्हणून तिथे कादंबरी. आपणही लोड बघूनच मटेरियल ठरवतो ना?

'ही तर बातमीदारी' म्हणून अशा कादंबऱ्यांना नाक मुरडणारे भेटतातच. तरीही २००७ मध्ये साधू नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने त्यांना जनस्थान पुरस्कार दिला.

आता आपलं बघू. मी सिव्हिलचा. गंगापूर धरणाचं पाणी जायकवाडीला सोडायचं की नाही, यावरून इथे वाद पेटतो तेव्हा डिस्चार्जचं गणित मला मांडता येतं. पण पाणी सोडायचं कोण ठरवतं, आणि टंचाईत पहिला हंडा कोणाचा रिकामा राहतो, हे त्या गणितात येत नाही. ते मांडायला लेख लागेल, कदाचित गोष्टही लागेल. ती सिव्हिलवाल्याने का लिहू नये?

तेव्हा सर, तुमचं म्हणणं मान्य. एक काय ते धरायलाच हवं. फक्त धरायचा तो प्रश्न, ब्रँच नव्हे! आणि मित्रहो, परीक्षा संपली की एखाद्या रविवारी मेसच्या फीस्टनंतर झोपण्याऐवजी सार्वजनिक वाचनालयात जा आणि 'सिंहासन' मागा. पिक्चर पाहिला असला तरीही.