उभ्या मोटरीची धडधड

तळेगांव दाभाडे येथील एका भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांची पेट्रोलवर चालणारी मोटर रस्त्यावर सुरळीत धांवते. परंतु लोणावळ्यास भुशीच्या धरणाकडे जाणाऱ्या वाहनांच्या रांगेंत ती थांबली, कीं इंजिन अडखळूं लागतें, बैठक हादरते, आणि दोन वेळां तर तें आपोआप बंदही पडलें. मिस्त्रीनें प्रथम प्लग बदलले, नंतर कॉइल बदलल्या. आतां तो पेट्रोलचा पंप बदलावा असें म्हणतो. "हा खर्च थांबावयाचा कोठें?" असें त्या विचारतात.

आमच्या मतें तो येथेंच थांबावा. ताप कशानें आला हें न पाहतां एकामागून एक मात्रा उगाळून देणाऱ्या वैद्यास आपण दुसऱ्यांदा घरीं बोलावणार नाहीं. मोटरीच्या बाबतींत मात्र तीच रीत पैसे मोजून चालूं देतों.

उभ्या मोटरीचें इंजिन मिनिटास सुमारें ७०० ते ९०० फेरे घेतें. चार सिलिंडरांचें इंजिन ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरांत मिनिटास ४०० वेळां ठिणगी पडते. त्यांतील एकानें काम चुकविलें तरी फेरा तेथें अडतो व धक्का आपल्या बैठकीपर्यंत पोंचतो. वेगांत तीच चूक जड चक्राच्या गतींत झांकून जाते. शिवाय, मोटर उभी असतां हवेची वाट जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन आंतून जोरानें हवा ओढीत असतें. अशा वेळीं एखाद्या रबरी नळीस पडलेल्या बारीक चिरेंतून शिरणारी चोरटी हवादेखील मोठी ठरते. वेगांत तिला कोणी विचारीत नाहीं. म्हणून "धांवतांना ठीक, थांबतांना धडधड" या लक्षणावरून पहिला संशय नळ्यांवर व हवेच्या वाटेंत साचलेल्या काजळीवर घ्यावा. पंप दुबळा असता, तर घाट चढतांना, म्हणजे पेट्रोल अधिक लागतें तेव्हां, मोटर आधीं कुरकुरली असती. पत्रांत तशी तक्रार नाहीं.

नंतर विचारावें, कीं हें केव्हां होतें? इंजिन थंड असतां होऊन गरम झाल्यावर थांबतें काय? गार हवेचें यंत्र लावल्यावर वाढतें काय? आणि आपल्या भागांत तर अवश्य विचारावें, कीं पावसांत होतें काय? लोणावळ्यास वर्षाकाठीं ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस वडगांव-तळेगांवकडे तो झपाट्यानें उतरत जातो. त्यामुळें घाटमाथ्यावर जें दुखणें रोज दिसतें, तें तळेगांवास मोटर आणतांच नाहींसें होतें आणि मिस्त्री म्हणतो, "मला तर कांहींच दिसत नाहीं!" जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या काळीं डिस्ट्रिब्यूटरचें झांकण कोरड्या फडक्यानें पुसलें, कीं पुष्कळदां काम भागे. आजच्या बहुतेक मोटरींत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. तिची रबरी टोपी चिरली, कीं प्लगच्या खोबणींत ओल शिरते व ठिणगी भलत्या वाटेनें पळते. या ठिकाणीं विजेचा दाब हजारों व्होल्टांचा असतो, तेव्हां इंजिन चालू असतां घरच्या मंडळींनीं तेथें हात घालूं नये. पदर व ओढणीही दूर असावी. पंखा केव्हां आपोआप फिरूं लागेल याचा नेम नाहीं.

उंचीचें निमित्त मात्र फार सांगितलें जातें. लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें २००० फुटांवर आहे. तेथें हवेचा दाब मुंबईपेक्षां पाऱ्याच्या सुमारें २ इंचांनीं कमी भरतो. मुंबईस जें निरोगी इंजिन मापकावर १९ इंच ओढ दाखवितें, तेंच येथें १७ च्या आसपास दाखवील. छापील आंकडा पुढें करून त्यास आजारी ठरविणें अन्यायाचें होय. कांटा स्थिर आहे कीं थरथरतो, हें पाहावें. कार्बोरेटरच्या मोटरींत या उंचीवर पेट्रोलचें प्रमाण किंचित् वाढे, हें खरें. आजच्या संगणकी इंजिनांत तें आपोआप जुळविलें जातें, म्हणून "घाटावरची हवा बाधली" ही सबब आतां ऐकून घेऊं नये.

कित्येकदां इंजिन निर्दोष असतें आणि त्याखालील रबरी मौंटिंग मात्र फाटलेलें असतें. आवाज एकसारखा, फेऱ्यांचा कांटा स्थिर, तरी बैठक थरथरते, असें असल्यास तेंच पाहावें. तीन सिलिंडरांच्या लहान मोटरींत तर थोडी थरथर जन्मजातच असते. तिच्यावर औषध शोधण्यांत अर्थ नाहीं.

आतां या पत्रांतील ज्या गोष्टीनें आम्हांस खरी काळजी वाटली, ती सांगतों. पेट्रोलच्या बहुतेक मोटरींत ब्रेकला जोर देणारा डबा इंजिनच्या याच ओढीवर काम करतो. तो डबा किंवा त्याची नळी गळूं लागली, तर इंजिन उभ्यानें अडखळतें आणि ब्रेकही जड होतो. दोन दुखण्यांचें मूळ एकच. तसें इंजिन खंडाळ्याचा घाट उतरतांना बंद पडलें, तर डब्यांतला उरलेला जोर एक-दोन दाबांत संपतो आणि पुढें सारा भार पायावर येतो. परीक्षा सोपी आहे. सपाट जागीं हातब्रेक लावून इंजिन बंद करावें, ब्रेक चार-पांच वेळां दाबावा, मग तो दाबून धरूनच इंजिन सुरू करावें. पाय किंचित् खालीं गेला तर डबा ठीक. न गेल्यास, अथवा ब्रेक दाबतांच इंजिनचा सूर बदलल्यास, घाट उतरूं नये. मिस्त्रीस ती नळी पकडीनें क्षणभर दाबून पाहावयास सांगावें. धडधड थांबली, कीं चोर सांपडला. ही परीक्षा पावसाळ्यांत गॅरेजचें दार लावून मात्र कधींही करूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

समोरच्या फळीवरील इंजिनचा पिंवळा दिवा नुसता लागला असेल, तर मिस्त्रीनें संगणकांतील नोंद वाचून मगच भागाला हात लावावा. तो लुकलुकत असेल, तर न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील महागडें शुद्धियंत्र तापवून नासवीत आहे असें समजून मोटर बाजूस घ्यावी.

ज्यांची मोटर लोणावळ्याच्या बंगल्यांत महिनोन्‌महिने उभी असते, त्यांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. आजच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें व तें ओल शोषून घेतें. अशा मोटरीनें पहिल्या दिवशीं अडखळणें नवल नव्हे. ताजें पेट्रोल भरून ती थोडी चालवून पाहावी. उंदरांनीं तारा कुरतडल्या नाहींत ना, हेंही पाहावें.

तळेगांवच्या भगिनींनीं तूर्त ब्रेकची परीक्षा घ्यावी आणि नळ्या तपासून हवेची वाट साफ करून घ्यावी. साफसफाईनंतर इंजिनचा संगणक नवें प्रमाण शिकून घेईपर्यंत थोडा वेळ फेरे वर-खालीं होतात. तेवढ्यावरून मिस्त्रीशीं भांडूं नये.